तिसऱ्या सिलिंडरपाशी चीर

पान्याने खट् केलं नाही, म्हणून दत्तू खानझोड्यांनी तो आणखी थोडा ओढला. पुढच्याच क्षणी नट हलका झाला. इतका हलका, की पाना हातातून निसटून गुडघ्यावर आपटला. नटाबरोबर खालचा स्टड, म्हणजे आट्यांचा लांब दांडाही फिरत होता, आणि त्याला धरून ठेवणारं खाली काहीच उरलं नव्हतं.

दत्तूभाऊंनी आधी कूलर बंद केला. एकोणीस मे, दुपारचे चार, भोपाळजवळच्या मिसरोदमधल्या घरामागची पत्र्याची शेड. कूलरशिवाय तिथे बसणं अशक्य होतं. पण त्याच्या घरघरीत पान्याचा आवाज बुडाला होता, हे आता त्यांच्या लक्षात आलं. टॉर्क पाना ठरलेला जोर आला की खट् करतो. आवाज नाही ऐकू आला तरी बोटांना तो धक्का कळतोच. सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं तो त्यांच्या बोटांना कळत आला होता. आज पाना खट् करून गेला होता आणि त्यांनी त्यानंतरही ओढलं होतं.

बोटांचं हे दीड वर्षापासून सुरू होतं. आधी मुंग्या यायच्या, मग सतत हातमोजे घातल्यासारखं वाटायला लागलं. साखर बारा वर्षांची जुनी. कशामुळे होतंय ते त्यांना ठाऊक होतं, पण ते कुणालाच बोलले नव्हते. मनोरमाबाईंनाही नाही.

समोर लाकडी घोडीवर जे इंजिन होतं, ते अलका पाटणकरांच्या बीटल गाडीचं. गाडी बासष्ट सालची. अलकाताईंचे पती समीर यांनी निवृत्तीनंतर ती सुटी केली, एकेक भाग घासूनपुसून अकरा खोक्यांत भरला, प्रत्येक खोक्यावर आपल्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी लावली, आणि जोडायला सुरुवात करायच्या आत एका सकाळी हृदयविकाराने गेले. दोन वर्षं खोकी तशीच पडून होती. मग जानेवारीत अलकाताई टेम्पो घेऊन दत्तूभाऊंच्या दारात आल्या.

"मला पुण्याला जायचंय, लेकीकडे, कायमचं," त्या म्हणाल्या होत्या. "घर विकलंय. एकतीस मेला किल्ल्या द्यायच्यात. मी या गाडीतून जाणार, स्वतः चालवत. तुम्ही जोडून द्याल?"

दत्तूभाऊ हो म्हणाले होते. चार महिन्यांत सगळं व्यवस्थित बसत आलं होतं. नवव्या खोक्यात इंजिनाची केस होती, म्हणजे ज्यात बाकी सगळं सामावतं ते बाहेरचं कवच. त्यावरच्या चिठ्ठीत समीररावांनी लिहिलं होतं: 'मूळची. नंबर कागदांशी जुळतो. पुन्हा मिळणार नाही.'

दत्तूभाऊंनी त्या बाजूचं हेड उतरवलं, सिलिंडर काढले आणि फिरणारा स्टड हातानेच उपटून काढला. त्याच्या आट्यांमध्ये चंदेरी धातूचे तुकडे अडकून आले. भोकाच्या कडेला त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, फडक्याने कोरडं केलं, वर खडूची भुकटी फासली आणि वाट पाहिली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडू ओला करतं. दोन मिनिटांत पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. केसासारखी बारीक, भोकापासून निघून आत मेन बेअरिंगच्या बैठकीकडे, जिथे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो तिकडे जाणारी, चांगली दोन बोटं लांब.

त्यांनी खडू पुसला आणि पुन्हा फासला. रेघ पुन्हा आली.

संध्याकाळी अलकाताईंचा फोन आला. "दत्तूभाऊ, कुठवर आलं?"

"होतंय, वहिनी," ते म्हणाले.

"तारखेचं पक्कं ना? मी इथलं गॅस कनेक्शनसुद्धा परत केलंय."

"पक्कं."

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःच्या आवाजाची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सगळं इंजिन पुन्हा सुटं झालं. दत्तूभाऊंनी ठरवलं होतं, की भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि आतून-बाहेरून आटे असलेली स्टीलची बुश बसवायची. नुसते आटे गेले असते तर एवढ्याने भागलं असतं. चीर असताना भागत नाही, हे त्यांनी स्वतः कित्येक शिकाऊंना सांगितलं होतं. तरी त्यांनी ड्रिल लावलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. बुश बसेल, वरून पुट्टीसारखी लांबी भरू, रंग देऊ, गाडी पुण्याला जाईल, असा विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला होता. पुण्याला गेल्यावर काय होईल, त्याचा विचार त्यांनी केला नाही.

ड्रिलचं टोक बोथट होतं. एरवी बोटांना त्याचा थरार कळला असता. ही केस मॅग्नेशियमची. हलकी, पण तिचा कीस फार तापला की पेट घेतो. भोकातून धूर निघाला आणि खालच्या ट्रेमध्ये डोळे दिपतील असा पांढरा जाळ उठला. दत्तूभाऊंचा हात पाण्याच्या बादलीकडे गेला, आणि आठवण झाल्यावर तिथेच थांबला. या धातूच्या जाळावर पाणी पडलं असतं तर भडका उडून शेडच गेली असती. बांधकामाची उरलेली वाळू कोपऱ्यात होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून ट्रेवर टाकली. जाळ गुदमरत गुदमरत विझला. केस वाचली होती. चीर मात्र आणखी अर्ध्या बोटाने पुढे सरकली होती.

जळका वास घरात गेला म्हणून मनोरमाबाई धावत आल्या. त्यांनी ट्रे पाहिला, मग नवऱ्याचा उजवा हात पाहिला.

"अहो, हे काय?"

"काही नाही, कीस पेटला जरा."

"हाताचं विचारतेय मी."

दत्तूभाऊंनी हात वर करून पाहिला. दोन बोटांच्या पेरांवर कातडी पांढरी पडून फोड आले होते. मधल्या बोटाचा फोड फुटून त्यातून पाणी वाहत होतं.

"दुखत नाही तुम्हाला?" मनोरमाबाईंनी विचारलं.

बाईंनी पदराच्या पिनेचं टोक त्यांच्या करंगळीला लावलं. मग जोरात दाबलं. ते नुसते बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

मनोरमाबाई शेडच्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मागच्या महिन्यात गरम तवा तुम्ही हातानेच उचलला होता. मला वाटलं, किती सोसतं या माणसाला."

हाताला पट्टी बांधताना दत्तूभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. पान्याचं, चिरेचं, अलकाताईंना दिलेल्या उत्तराचं. मनोरमाबाईंनी एवढंच विचारलं, "हे वेल्डिंग करणारं कुणी आहे का भोपाळमध्ये?"

"एक आहे," दत्तूभाऊ म्हणाले. "पण तिच्याकडे मी जाऊ शकत नाही."

"अनुराधा?"

तेवीस-चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट मनोरमाबाईंना अर्धीच ठाऊक होती. कारखान्यात शिकाऊ वेल्डरांची एक तुकडी होती, त्यात अनुराधा ठोंबरे ही एकटी मुलगी. कायम व्हायच्या परीक्षेत तिला पंपाचं एक ओतीव कवच जोडायला दिलं. जोडून झाल्यावर ते तडकलं. परीक्षक दत्तूभाऊ होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, की उमेदवाराने धातू अति तापवला. अनुराधाची जागा गेली. बाईंना ठाऊक नसलेली अर्धी गोष्ट अशी, की आठ दिवसांनी त्याच खेपेत ओतलेलं दुसरं कवच आपोआप तडकलं होतं. ओतीवच आतून पोकळ होतं. दत्तूभाऊंनी ते पाहिलं आणि शेरा बदलला नाही. बदलला असता तर आपलं चुकलं असं लिहून द्यावं लागलं असतं.

आता अनुराधाची गोविंदपुऱ्यात स्वतःची शेड होती. हलक्या धातूंचं आर्गन वेल्डिंग करणारी म्हणून पार मंडीदीपच्या कारखान्यांतून तिच्याकडे काम यायचं.

बावीस तारखेला दत्तूभाऊ केस गोधडीत गुंडाळून रिक्षाने तिथे गेले. अनुराधा सत्तेचाळीसची झाली होती, कानांजवळ पांढऱ्या बटा आल्या होत्या. तिने त्यांना ओळखलं, पण बसा म्हटलं नाही. केस टेबलावर ठेवून दिव्याखाली फिरवून पाहिली. अर्धवट पाडलेल्या भोकावरून अंगठा फिरवला.

"फुटली की फोडली?" तिने विचारलं.

"टॉर्क देताना गेली."

"फुटली की फोडली, सर?"

"फोडली," ते म्हणाले. "मी फोडली. खट् झालेलं मला कळलं नाही. माझी बोटं मेली आहेत. मग वर ड्रिल लावून आणखी वाढवली."

"मालकाला माहीत आहे?"

"मालकीणबाई आहेत. नाही, माहीत नाही."

अनुराधाने केस पुन्हा गोधडीत गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. "आधी त्यांना सांगून या. मग बघते. होईलच असं म्हणत नाही, बघते म्हणते."

अलकाताईंचं शाहपुऱ्यातलं घर निम्मं रिकामं झालं होतं. भिंतींवर फोटोंचे फिकट चौकोन, जमिनीवर दोरीने बांधलेल्या पुस्तकांच्या चळती. दत्तूभाऊंनी गोधडी खाली ठेवली, उघडली, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. लांबी भरून रंग द्यायचा विचार मनात आला होता, तोसुद्धा सांगितला.

अलकाताई जमिनीवर बसल्या आणि चिरेकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"समीर असता तर म्हणाला असता, होतं असं," त्या म्हणाल्या. "मी तसं म्हणणार नाही, दत्तूभाऊ. त्याने ही केस तीन वेळा रॉकेलने धुतली होती. मी ओरडायचे, घरभर वास येतो म्हणून."

"हो, वहिनी."

"परवा फोनवर तुम्ही मला पक्कं म्हणालात."

"हो."

"दुरुस्त होईल?"

"माहीत नाही."

त्या उठल्या आणि पायांत चपला सरकवल्या. "चला. जी काय दुरुस्ती होईल ती माझ्या डोळ्यांसमोर होईल. यापुढे मी फोनवर विचारणार नाही."

तेव्हापासून त्या रोज सकाळी गोविंदपुऱ्यात येऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू लागल्या.

पहिली अडचण तारेची निघाली. वेल्डिंग करताना जो धातू भरायचा, तो याच जातीचा हवा. अनुराधाकडची तार वेगळी होती, ती लावली तर थंड होताना ओढ बसून पुन्हा तडा जाणार. तार मुंबईहून मागवायची तर आठ-दहा दिवस.

"याचाच तुकडा चालेल?" अलकाताईंनी विचारलं. "दुसऱ्या केसचा?"

"चालेल. पण दुसरी आहे कुठे?"

"बाल्कनीत. भगदाड पडलेली एक केस समीरने कुठून तरी आणली होती, बघून शिकायला. मी तिच्यात कोरफड लावलीये."

तासाभरात त्या रिक्षातून कोरफडीसकट केस घेऊन आल्या. अनुराधाने ती धुतली, करवतीने तिच्या काड्या कापल्या, घासून लखलखीत केल्या. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळणार नाही. मग सगळी चीर कोरून खोल खाच केली आणि केस भट्टीत तापायला ठेवली.

तासभर थांबायचं होतं. दत्तूभाऊ स्टुलावर बसले होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर.

"अनुराधा," ते म्हणाले, "ते पंपाचं कवच तू तापवलं नव्हतंस. ओतीवच खराब होतं. मला आठ दिवसांनी कळलं. मी गप्प बसलो."

अनुराधा वेल्डिंगच्या टॉर्चचं टोक घासत होती. ती घासतच राहिली.

"तडकलं ते माझ्यामुळे नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच माहीत नव्हतं."

अलकाताईंनी एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

पहिलं वेल्डिंग सुंदर झालं. नाण्यांची चळत आडवी केल्यासारखी, एकावर एक कड असलेली रेघ. अनुराधाने काचेचा मुखवटा वर केला. केस गरम वाळूत पुरून ठेवली. वीसेक मिनिटांनी वाळूतून एक आवाज आला. अगदी बारीक, काचेचा पेला बर्फाने तडकावा तसा. अनुराधाने डोळे मिटून घेतले. दत्तूभाऊंनी खडू फासून बघायची गरजच उरली नव्हती.

त्या दिवशी सव्वीस तारीख होती. घरी येऊन दत्तूभाऊ जेवले नाहीत. "तो आवाज मला ऐकू आला," असं मनोरमाबाईंना दोनतीनदा म्हणाले, जणू बाईंनी ते नाकारलं होतं. सकाळी त्यांना वाटलं, जाऊच नये. मनोरमाबाईंनी त्यांच्या पायांशी चपला आणून ठेवल्या आणि त्याही बरोबर निघाल्या.

अनुराधा पोचलेलीच होती. जुनी रेघ तिने घासून काढून टाकली होती. "वाळूत फार लवकर निवली," ती म्हणाली. "या वेळी थोडं थोडं भरू. दर वेळी पुन्हा भट्टीत. आणि शेवटी भट्टीतच निवू देऊ, उद्यापर्यंत. सर, तुम्ही रंग बघून उष्णता सांगायचात तसं सांगाल?"

"हा धातू रंग बदलत नाही."

"मग कशी कळेल?"

दत्तूभाऊ उठले. साबणाची वडी मागून घेतली, केसच्या अंगावर एक रेघ ओढली. "साबण तपकिरी झाला की भर. काळा पडला की थांब. डोळे अजून आहेत मला."

दिवसभर ते असंच चाललं. साबणाची रेघ, तपकिरी, इंचभर वेल्डिंग, पुन्हा भट्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी केस बाहेर काढली. रॉकेल, फडकं, खडू. पाच मिनिटं. दहा मिनिटं. खडू पांढराच राहिला. अलकाताईंनी स्वतःच्या हाताने पुन्हा रॉकेल लावलं आणि पुन्हा वाट पाहिली.

पण उष्णतेने मेन बेअरिंगची बैठक ओढली गेली होती. मापात केसभराचा फरक, तरीही इंजिन दोन महिन्यांत बंद पडावं इतका. ती पुन्हा तासून सरळ करणारं मशीन शहरात एकाच माणसाकडे, आणि त्याच्याकडे पाच दिवसांची रांग. म्हणजे एकतीस तारीख गेली.

एकतीसला अलकाताईंनी नव्या मालकांना किल्ल्या दिल्या आणि एक सूटकेस घेऊन मिसरोदला आल्या. मनोरमाबाईंनी पुढच्या खोलीत त्यांची गादी घातली. लेकीचे पुण्याहून दिवसातून तीन फोन येत होते. आई, रेल्वेने ये, राणी कमलापती स्टेशनवरून थेट गाडी आहे, ते भंगार राहू दे. अलकाताई दर वेळी "हो, बघते" म्हणत आणि फोन उलटा ठेवत. दत्तूभाऊंशी त्या जेवढ्यास तेवढं बोलत. त्यांना माफ केलंय असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. दत्तूभाऊंनीही माफी मागितली नाही.

आठ जूनला जोडणी झाली. नव्या भोकात अनुराधाने आटे पाडले, दत्तूभाऊ शेजारी उभे राहून सांगत होते: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस झटक, तेल. बुश बसली. स्टड बसला. नट आवळायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाना अनुराधाकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एकेक नट. पंधरा वेळा खट् झालं. सोळावा त्याच भोकाचा. अनुराधा ओढत होती आणि आवाज येत नव्हता. दत्तूभाऊंना वाटलं, थांब म्हणावं. मग खट् झालं.

"लागला," अनुराधा म्हणाली.

दत्तूभाऊ वळले नाहीत. मनोरमाबाईंनी त्यांचा खांदा धरला तेव्हा त्यांना कळलं, की आपण हुंदके देतोय.

इंजिन चौथ्या प्रयत्नात सुरू झालं. पहिली पाच मिनिटं धूर, मग स्वच्छ. दोन दिवस अलकाताईंनी होशंगाबाद रोडवर गाडी चालवून पाहिली, रोज थोडी लांब. अकरा तारखेला भल्या सकाळी त्या निघाल्या. दत्तूभाऊंनी काय सांगायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं: दर शंभर किलोमीटरवर थांबा, थंड होऊ द्या, खालून तेल गळतंय का बघा, कोणत्याही मेकॅनिकला नट आवळू देऊ नका. अलकाताईंनी कागद घेतला, वाचला, पर्समध्ये ठेवला. मनोरमाबाईंना मिठी मारली. अनुराधाचा हात दोन्ही हातांत धरला. दत्तूभाऊंना म्हणाल्या, "येते." आणि गेल्या.

दुपारी दोनच्या पुढे फोन वाजला.

"सेंधव्याच्या पुढे आहे. बिजासन घाट ओलांडून आले."

"तेलाचा दिवा?"

"एकदाही लागला नाही. खाली वाकून बघितलं, कोरडं आहे." मागून ट्रकांचे आवाज येत होते. "डावीकडचा इंडिकेटर चालत नाही, दत्तूभाऊ."

"हात बाहेर काढून दाखवा, वहिनी."

"तेच करतेय," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दत्तूभाऊंनी सुभाषला फोन लावला. सुभाष त्यांचा जुना सहकारी. त्याच्या स्कूटरचं इंजिन दोन महिन्यांपासून शेडमध्ये पडलं होतं.

"सुभाष, तुझं इंजिन घेऊन जा. गोविंदपुऱ्यात अनुराधा ठोंबरे आहे, तिच्याकडे दे. चांगलं काम करते. पहिल्यापासून करायची."

"का रे? तुला काय झालं?"

"बोटांना काही कळत नाही आता," दत्तूभाऊ म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे जातोय, मनोरमा घेऊन जातेय. पण काम नाही करणार."

सुभाष म्हणाला, रविवारी येतो, जेवायलाच येतो. दत्तूभाऊ बरं म्हणाले.